भाचा खरंच मामावर जातो का? रंगांधळेपणा, आईचं एक्स गुणसूत्र आणि भरतीच्या मेडिकलचा शेरा

लेखी परीक्षा पास. मैदानी चाचणी असेल तर तीही पास. मग येते मेडिकल. डॉक्टर रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक समोर धरतात आणि ठिपक्यांत लपलेला आकडा वाचायला सांगतात. बाकीच्या उमेदवारांना ज्या पानावर ७४ दिसतो, तिथे एखाद्याला २१ दिसतो. फॉर्मवर शेरा पडतो आणि दोन-तीन वर्षांची तयारी पाच मिनिटांत संपते.

रेल्वे, सैन्यदल, मर्चंट नेव्ही... रंग ओळखण्याची अट असलेल्या नोकऱ्यांच्या तपासणीत असं होणारी बहुतेक मुलं असतात, मुली क्वचितच. त्यातल्या अनेकांना आपण लाल-हिरव्यात गफलत करतो हे त्या दिवशी पहिल्यांदा कळतं. घरी सांगितल्यावर पहिली प्रतिक्रिया ठरलेली: "आमच्या घरात तर कोणालाच असं नाही!"

बहुतेक वेळा कोणाला तरी असतं. फक्त शोध चुकीच्या बाजूला घेतला जातो. वडील, काका, आजोबा यांना विचारलं जातं. विचारायला हवं आईच्या माहेरी.

'रंगांधळा' हा शब्दच फसवा

रंगांधळेपणा म्हटलं की जुना कृष्णधवल टीव्ही डोळ्यांसमोर येतो. तसं दिसणारी माणसं फारच दुर्मीळ असतात. बहुतेकांना निळा आणि पिवळा व्यवस्थित दिसतो. गोंधळ होतो तो लाल, हिरवा, तपकिरी, नारिंगी या पट्ट्यात. कोणाला पानांत लपलेली लाल मिरची सापडत नाही, कोणाला चार्जरचा दिवा हिरवा झाला की अजून लालच आहे ते समजत नाही.

फेसबुकचा रंग निळा का, याचं एक कारण हेच आहे. आपल्याला लाल-हिरवा नीट दिसत नाही आणि निळा सगळ्यात चांगला दिसतो, असं मार्क झकरबर्ग यांनी स्वतः सांगितलं होतं. ऑस्ट्रेलियाचा माजी यष्टिरक्षक मॅथ्यू वेड हाही रंगांधळा. दिवस-रात्र कसोटीत गुलाबी चेंडू दिसायला त्रास होतो हे त्याने उघडपणे मान्य केलं होतं.

आपल्या डोळ्यांच्या दृष्टिपटलावर रंग टिपणाऱ्या शंकूच्या आकाराच्या पेशी असतात. त्या तीन प्रकारच्या: एक आखूड लांबीच्या, म्हणजे निळसर प्रकाशलहरींना जास्त प्रतिसाद देणारा, दुसरा मधल्या लहरींना आणि तिसरा लांब लहरींना. मेंदू या तिन्हींकडून आलेल्या संदेशांची तुलना करून रंग ठरवतो. मधल्या किंवा लांब लहरींच्या पेशींमधलं रंगद्रव्य तयारच झालं नाही, किंवा थोडं वेगळं तयार झालं, की लाल आणि हिरव्यातला फरक पुसट होतो.

रंगद्रव्य तयार होतच नसेल तर दोष तीव्र असतो. वेगळं तयार होत असेल तर तो सौम्य किंवा मध्यम असतो, आणि असे लोकच जास्त आहेत. हा तीव्र-सौम्य फरक लक्षात ठेवायला हवा, कारण सरकारी नियमांतला सगळा वाद पुढे यावरच येऊन ठेपतो.

आईकडूनच का येतो?

निळ्याचं जनुक सातव्या गुणसूत्रावर आहे. ते मुलग्यांना आणि मुलींना सारखंच मिळतं. त्यामुळे निळ्याचा जन्मजात दोष अत्यंत कमी आढळतो आणि स्त्री-पुरुषांत सारखाच. लाल-हिरव्याची दोन्ही जनुकं मात्र एक्स गुणसूत्राच्या टोकाशी शेजारी शेजारी बसलेली आहेत.

स्त्रीकडे दोन एक्स असतात, पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. एक्सवर आठशेच्या वर जनुकं आहेत, वायवर त्या मानाने अगदी थोडी. बाईच्या एका एक्सवरचं जनुक बिघडलेलं असलं तरी दुसऱ्यावरचं चांगलं जनुक काम भागवून नेतं. पुरुषाकडे दुसरी प्रतच नाही. जे आहे ते आहे.

मुलग्याला वाय मिळतो वडिलांकडून आणि एक्स मिळतो आईकडून. म्हणूनच तो मुलगा होतो. याचा सरळ अर्थ असा की वडिलांचा रंगांधळेपणा मुलग्याकडे जाऊच शकत नाही. वडील आणि मुलगा दोघेही रंगांधळे असले, तरी मुलग्याचं ते जनुक आईकडून आलेलं असतं.

आता आई वाहक आहे असं धरू. म्हणजे तिच्या एका एक्सवर दोष आहे, पण तिला स्वतःला सगळे रंग दिसतात. तिच्या प्रत्येक मुलग्याच्या वेळी छापा-काटा होतो. चांगला एक्स मिळाला तर तो सुटला, दुसरा मिळाला तर रंगांधळा. प्रत्येक मुलीच्या वेळीही छापा-काटाच, फक्त ती रंगांधळी न होता आईसारखी वाहक होते. पहिल्या मुलग्याला दोष आहे म्हणून दुसरा सुटेल असा हिशेब नसतो. नाणं दर वेळी नव्याने उडतं.

वडील रंगांधळे आणि आईकडे दोष नसेल, तर सगळे मुलगे मोकळे आणि सगळ्या मुली वाहक. इथे छापा-काटा नाही. वडिलांकडे एकच एक्स आहे आणि तोच प्रत्येक मुलीला जातो.

त्यामुळे रंगांधळेपणा घराण्यात आजोबा, त्यांची मुलगी आणि तिचा मुलगा असा उडी मारत फिरतो. मधली पिढी कोरी दिसते. योहान फ्रीडरिश हॉर्नर या स्विस नेत्रतज्ज्ञाने १८७६ मध्येच वंशावळी तपासून हे मांडलं होतं. तेव्हा गुणसूत्रांचा आणि वारशाचा संबंध कोणालाच माहीत नव्हता. पुढे १९११ मध्ये एडमंड विल्सन यांनी हे जनुक एक्सवर असल्याचं दाखवलं. माणसाचं एखादं जनुक नेमक्या कोणत्या गुणसूत्रावर आहे हे सांगता येण्याची ती पहिलीच वेळ होती.

मग मामाचं काय?

'भाचा मामावर गेलाय' असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. नाक, उंची, स्वभाव यांच्याबाबतीत त्या म्हणण्याला फारसा आधार नाही. रंगांधळेपणाबाबत आहे. फक्त भाच्याला तो मामाकडून मिळत नाही. मामाला आणि भाच्याच्या आईला तो एकाच ठिकाणाहून मिळतो: आईची आई, म्हणजे आजी. मामाला तिच्याकडून दोषाचा एक्स मिळाला आणि तो रंगांधळा झाला. त्याच्या बहिणीला तोच मिळाला आणि ती वाहक झाली. तिच्या मुलग्यात तो पुन्हा दिसला.

महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची प्रथा आहे, म्हणून इथे एक गणित करून बघण्यासारखं आहे. मामा रंगांधळा असेल तर त्याची मुलगी वाहक असणारच. भाचाही रंगांधळा असेल आणि या दोघांचं लग्न झालं, तर त्यांच्या प्रत्येक मुलीला रंगांधळी असण्याची निम्मी शक्यता असते. एरवी मुलींमध्ये क्वचित दिसणारा दोष असा दिसू लागतो.

एरवी तो किती क्वचित असतो? उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण ८ टक्के जण लाल-हिरव्यात गोंधळतात. भारतात झालेल्या पाहण्यांमध्ये प्रमाण साधारणतः त्याहून कमी दिसतं. समजा एखाद्या समाजात ते ४ टक्के आहे, म्हणजे शंभर एक्समागे चार सदोष. बाईला दोन्ही एक्स सदोष मिळायला हवेत, म्हणजे चार टक्क्यांचे चार टक्के, दहा हजारांत सोळा. मात्र एकच सदोष एक्स बाळगणाऱ्या वाहक बायका शंभरात सात-आठ निघतात. रंगांधळ्या पुरुषांच्या जवळपास दुप्पट! यातल्या बहुतेकींना हे कधीच कळत नाही.

दोष कोणाचा?

'आईकडून आलं' हे वाक्य आपल्याकडे धोक्याचं आहे. मुलगी झाली की सुनेला बोल लावणाऱ्या घरांत, मुलगा की मुलगी हे वडिलांच्या शुक्राणूवर ठरतं ही गोष्ट अजून नीट पोहोचलेली नाही. तिथे रंगांधळेपणाचा कागद हातात आला की 'तुझ्या माहेरचं आहे' हे ऐकवायला वेळ लागत नाही.

जनुकाच्या भाषेत यात दोष नावाची गोष्टच नाही. आईने कोणता एक्स द्यायचा हे ती निवडत नाही. तिच्याकडचा सदोष एक्सही तिच्या आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असतो. वडील रंगांधळे असतील तर तो त्यांच्याकडूनच आला. म्हणजे वारसा दोन्ही लिंगांतून फिरतो, फक्त दिसतो तो पुरुषांत.

मुळात हा बिघाड होतो कसा तेही मजेशीर आहे. लाल आणि हिरव्याची जनुकं एकमेकांशी ९५ टक्क्यांहून जास्त जुळतात. स्त्रीबीज तयार होताना दोन एक्स एकमेकांशी तुकड्यांची देवाणघेवाण करतात. जनुकं इतकी सारखी आणि त्यात शेजारी, त्यामुळे जोडी लावताना घोळ होतो. एका एक्सवर जनुक कमी पडतं, दुसऱ्यावर जास्तीचं येतं, कधी अर्धं लाल आणि अर्धं हिरवं असं संकरित जनुक बनतं. जेरेमी नेथन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये ही जनुकं वेगळी काढून हे दाखवलं.

वाहक स्त्रीच्या डोळ्यांतही गंमत असते. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स प्रामुख्याने चालू राहतो, दुसरा झोपवला जातो. कोणता, ते त्या त्या पेशीच्या नशिबावर. त्यामुळे वाहक स्त्रीचं दृष्टिपटल गोधडीसारखं असतं, काही ठिगळं चांगल्या एक्सची, काही सदोष एक्सची. चांगली ठिगळं पुरेशी असल्याने तिला रंग दिसतात. काळा, नारिंगी आणि पांढरा अशा तीन रंगांची मांजर जवळजवळ नेहमी मादीच का असते, याचंही उत्तर तेच: काळ्या-नारिंगीचं जनुक एक्सवर असतं.

हिमोफिलिया आणि ड्युशेन हा स्नायूंचा आजार यांचा वारसाही याच वाटेने जातो. पारशी समाजात जास्त आढळणारी जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरताही तशीच. पण एक फरक आहे. हिमोफिलियाच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घरात आधी कोणालाच तो नसतो, बदल नव्याने झालेला असतो. लाल-हिरव्या रंगांधळेपणात तसं क्वचितच होतं. म्हणून इथे माहेरची वंशावळ विचारली तर बहुधा उत्तर मिळतं.

नियम आले कुठून?

१५ नोव्हेंबर १८७५ ला स्वीडनमध्ये लागरलुंडा इथे दोन रेल्वेगाड्यांची टक्कर झाली. फ्रिथिओफ होल्मग्रेन या शास्त्रज्ञाने चालकाला सिग्नलचा रंग कळला नसावा असा संशय घेतला आणि रंगीत लोकरीच्या गुंड्या जुळवायला लावणारी चाचणी रेल्वेच्या गळी उतरवली. तो अपघात खरंच रंगांधळेपणामुळे झाला होता का, याबद्दल आजचे अभ्यासक साशंक आहेत. पण नियम पक्का झाला आणि जगभर पसरला.

ठिपक्यांचं पुस्तक जपानी डॉक्टर शिनोबु इशिहारा यांचं. १९१७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. चाळणी म्हणून ते उत्तम आहे. दोष आहे की नाही हे ते झटकन सांगतं. किती आहे, हे सांगण्यात मात्र ते कच्चं पडतं. त्यासाठी रंगीत टोप्या क्रमाने लावायची फार्न्सवर्थ चाचणी, लँटर्न चाचणी किंवा ॲनोमॅलोस्कोप नावाचं यंत्र लागतं.

अनेक ठिकाणी नियम 'हो' किंवा 'नाही' असे दोनच खण ठेवतात आणि गाळणी म्हणून बनवलेल्या पुस्तकावर निकाल लावतात. जनुकं मात्र दोन खणांत बसत नाहीत. अंधारात तीन किलोमीटरवरचा लाल दिवा ओळखणाऱ्याला आणि पिकलेलं टोमॅटो हिरव्यातून वेगळं न करू शकणाऱ्याला एकच शेरा मिळतो. इंजिन चालवणाऱ्याच्या बाबतीत कडक राहणं समजू शकतं. पण तोच शेरा फिल्म संपादकाला आणि कार्यालयीन अभियंत्यालाही लागला, आणि तिथून प्रकरणं कोर्टात गेली.

कोर्टांनी काय म्हटलं?

सुरुवात सरकारकडूनच झाली, असंही म्हणता येईल. वाहन परवान्याच्या जुन्या अर्जात लाल आणि हिरवा रंग सहज ओळखता येतो का, असा थेट प्रश्न होता. जून २०२० मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने नियम बदलले. सौम्य ते मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना परवाना मिळू लागला. तीव्र दोष असलेल्यांवरची बंदी राहिली. सिग्नलमध्ये लाल वर आणि हिरवा खाली असतो, त्यामुळे जागेवरूनही तो कळतो.

त्याआधी २०१७ मध्ये त्रिपुरातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने रंगांधळेपणामुळे एमबीबीएसचा प्रवेश नाकारण्यावर प्रश्न उभा केला होता आणि प्रवेशाचा मार्ग मोकळा केला होता.

सगळ्यात गाजलेलं प्रकरण पुण्याचं. फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये संपादनाच्या अभ्यासक्रमासाठी निवड झालेल्या एका विद्यार्थ्याला मेडिकलनंतर रंगांधळा म्हणून नाकारलं गेलं. मुंबई उच्च न्यायालयात त्याची याचिका फेटाळली गेली. सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली. चित्रपट हे अनेकांनी मिळून करायचं काम आहे, आणि रंगांची बाजू दुसरा सांभाळू शकतो, असा समितीच्या म्हणण्याचा सूर होता. रंगसंस्काराचा भाग वगळावा किंवा ऐच्छिक करावा, असंही तिने सुचवलं. १२ एप्रिल २०२२ ला न्या. संजय किशन कौल आणि न्या. एम. एम. सुंदरेश यांच्या खंडपीठाने रंगांधळ्यांना सर्व अभ्यासक्रमांचे दरवाजे उघडायला सांगितलं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये तमिळनाडूच्या वीज कंपनीत सहायक अभियंता म्हणून निवड होऊनही नाकारल्या गेलेल्या उमेदवाराला सर्वोच्च न्यायालयाने नोकरीत सामावून घ्यायला लावलं. ऑगस्ट २०२५ मध्ये तेलंगणच्या राज्य परिवहन महामंडळातल्या चालकाचं प्रकरण आलं. रंगांधळा ठरवून त्याला घरी बसवलं होतं. त्याला दुसरं योग्य काम द्यायला हवं होतं, असं न्यायालयाने म्हटलं.

तमिळनाडूच्या निकालात एक अडचण उघडी पडली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत २१ प्रकार आहेत. हिमोफिलिया त्यात आहे, रंगांधळेपणा नाही. म्हणजे नोकरी नाकारण्यापुरता माणूस अपात्र, पण सवलत मागायला गेला तर तो दिव्यांगही नाही. कोर्टात गेलेल्यांना एकेकटा दिलासा मिळाला. जे गेले नाहीत, त्यांच्यासाठी ही फट तशीच आहे.

चष्म्याच्या व्हायरल व्हिडिओंचं काय?

चष्मा घातल्यावर पहिल्यांदा रंग दिसले म्हणून रडणाऱ्या माणसांचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. हे चष्मे प्रकाशाचा काही भाग गाळतात, त्यामुळे काही रंगांतला फरक ठळक होतो. डोळ्यात नसलेलं रंगद्रव्य ते आणून देत नाहीत. ग्रानाडा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये चाचणी घेऊन हेच सांगितलं. भरतीच्या मेडिकलसाठी म्हणून कोणी महागडा चष्मा किंवा लाल लेन्स विकत असेल तर पैसे खिशातच ठेवलेले बरे.

जनुकीय उपचारांची आशा खरी आहे, पण लांबची. २००९ मध्ये अमेरिकेत जन्मजात रंगांधळ्या स्क्विरल माकडांच्या डोळ्यांत हरवलेलं जनुक सोडल्यावर ती लाल-हिरवा वेगळा ओळखू लागली. त्यातल्या एका माकडाचं नाव ठेवलं होतं डाल्टन. रंगांधळेपणाचं पहिलं शास्त्रीय वर्णन १७९४ मध्ये जॉन डाल्टन या रसायनशास्त्रज्ञाने स्वतःच्या आणि भावाच्या अनुभवावरून केलं होतं. डोळ्यातलं पाणीच निळं असावं असं त्याला वाटायचं, म्हणून मृत्यूनंतर डोळे तपासायला सांगून ठेवलं. पाणी स्वच्छ निघालं. जपून ठेवलेल्या डोळ्याची डीएनए चाचणी १९९५ मध्ये झाली, तेव्हा मधल्या लहरींचं रंगद्रव्यच त्याच्याकडे नसल्याचं कळलं. माणसांसाठी लाल-हिरव्यावरचा मान्य उपचार अजून नाही.

घरी काय करता येईल?

तपासणी शाळेतच होऊ शकते. आकडे वाचता येणाऱ्या पाच-सहा वर्षांच्या मुलाची इशिहारा चाचणी कोणताही नेत्रतज्ज्ञ काही मिनिटांत करतो. मोबाईलच्या पडद्यावरच्या चाचण्या अंदाजापुरत्या ठीक, कारण प्रत्येक पडद्याचे रंग वेगळे. रंग नीट दिसणाऱ्या मोठ्या माणसाला ते अचानक फिके दिसू लागले, तर तो वारसा नव्हे. टीबीवरचं इथॅम्ब्युटॉल चालू असताना असं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावं.

भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी वेळेवर कळणं म्हणजे अख्खी वर्षं वाचणं. रेल्वेच्या जाहिरातीत प्रत्येक पदासमोर वैद्यकीय गट छापलेला असतो. लोको पायलटसाठी ए-१, स्टेशन मास्तरसाठी ए-२. कनिष्ठ लिपिकासारख्या पदांच्या सी-२ गटात रंग ओळखण्याची चाचणी लागत नाही.  पसंतीक्रम भरताना कोणतं पद वर टाकायचं, हे त्यावरून ठरवता येतं.

आणि मेडिकलमध्ये ज्याच्या फॉर्मवर शेरा पडला, त्याला बहीण असेल तर ती वाहक असण्याची शक्यता निम्मी आहे. आई-वडिलांपैकी वडीलही रंगांधळे असतील तर ती खात्रीच. तिच्या मुलग्याची तपासणी पहिलीत जाताना करून घेता येते.